साकवाचे पैसे

चि. सौ. बाय हिस,


गौरी-गणपती विसर्जनाच्या रात्री साडेदहाला तुझा फोन आला, तेव्हा वाटलं, घरी कुणी आजारी पडलं. तू एवढंच म्हणालीस, "काका, खात्यात पैसे आहेत आणि साकव बांधता येत नाही. मग हे पैसे माझे की कुणाचे?" मी अर्धवट झोपेत होतो, काहीतरी थातुरमातुर बोलून फोन ठेवला. तेहतीस वर्षं रत्नागिरी जिल्हा परिषदेच्या लेखा शाखेत दुसऱ्यांच्या बिलांवर आक्षेप काढण्यात घालवली आणि सरपंच पुतणीच्या या एका आक्षेपाला उत्तर सुचलं नाही. म्हणून हे लिहितोय. तुझी परवानगी गृहीत धरून छापायलाही देतोय. जिल्ह्यात आठशेच्या वर ग्रामपंचायती आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच सरपंचांनी हाच प्रश्न कुणाला ना कुणाला रात्री साडेदहाला विचारला असणार.

आधी तुझ्या खात्याचं बोलू. पंधराव्या वित्त आयोगाचा (२०२१-२६) पैसा दिल्लीहून मुंबईला आला. तिथून त्याचे तीन वाटे झाले : दहा टक्के जिल्हा परिषदेला, दहा टक्के पंचायत समितीला आणि ऐंशी टक्के ग्रामपंचायतींना. ऐंशी ऐकून तुला बरं वाटलं होतं, आठवतं? पण त्या पैशाला पुन्हा दोन कप्पे आहेत. साठ टक्के बंधित, चाळीस टक्के अबंधित. बंधित म्हणजे निम्मा पाण्यावर आणि निम्मा स्वच्छतेवर, बस्स. अबंधितातून गावाच्या गरजेचं काम करता येतं, पण पगार भागवता येत नाहीत. आता साकव म्हणजे व्हाळावरचा छोटा पूल; तो पाणी नव्हे आणि स्वच्छताही नव्हे. पावसाळ्यात व्हाळाला पूर आला की पलीकडच्या वाडीतली पोरं शाळेत येत नाहीत, एवढाच त्याचा पाण्याशी संबंध. म्हणजे तुझ्या खात्यातल्या रुपयातले साठ पैसे साकवाला हात लावू देत नाहीत. उरलेल्या चाळिसातून अंगणवाडीचं छप्पर, वाडीतले दिवे, स्मशानशेडची दुरुस्ती. त्यात साकवाचा नंबर कितवा लागतो, ते तू मला सांगायला नको.

बंधनं वाईट हेतूने घातली असं मी म्हणणार नाही. अबंधित पैशाचे पेव्हर ब्लॉक कसे होतात, हे मी चाळीस गावांच्या दप्तरांत पाहिलंय. शिवाय साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या जिल्ह्यात मे महिन्यात टँकर फिरतो, तेव्हा पाण्यासाठी पैसा राखून ठेवावा असं दिल्लीत बसलेल्या माणसाला वाटलं तर त्यात चूक काय? चूक एवढीच की दिल्लीत बसून साकव दिसत नाही. उत्तर प्रदेशच्या सपाट गावाला आणि सह्याद्रीच्या उतारावर बारा वाड्यांत विखुरलेल्या गावाला एकाच मापाचा अंगरखा शिवलाय.

आणि त्या अंगरख्याचं माप घेतात डोकी मोजून. तुझ्या गावाला किती मिळायचे याचा हिशेब नव्वद टक्के लोकसंख्येवर आणि दहा टक्के क्षेत्रफळावर ठरला. लोकसंख्या २०११ ची. त्या साली आपल्या जिल्ह्याचं काय झालं होतं, माहीत आहे? २००१ ला आपण १६ लाख ९६ हजार ७७७ होतो, २०११ ला १६ लाख १५ हजार ६९ उरलो. एकूण महाराष्ट्र वाढत होता तेव्हा रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग आटत होते. हजार पुरुषांमागे ११२२ बायका, याचं कौतुक भाषणांत ऐकतो. पण त्याचा सरळ अर्थ आहे की पुरुष लालबाग-परळला, नालासोपाऱ्याला, आता पनवेलपलीकडे. माणसं गेली म्हणून रस्ता आखूड होत नाही, नळाची पाइपलाइन कमी लांबीची होत नाही. पन्नास घरांच्या वाडीत तीस घरांना कुलूप असलं तरी विहिरीपासूनचं अंतर तेवढंच राहतं. डोक्यामागे येणाऱ्या पैशाच्या हिशेबात आपण दर दहा वर्षांनी थोडे थोडे गरीब होत जातो, आणि गणपतीत दहा दिवस गाव तुडुंब भरतं ते मोजायला कुणी येत नाही. पुढच्या जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ ठरलाय. होळीची पौर्णिमा त्यानंतर तीन आठवड्यांनी. म्हणजे शिमग्याला पालखी नाचवायला आलेले खांदेही यादीत यायचे नाहीत!

हा पैशाचा वाटा कुणी, कुणाला, कशाच्या आधारावर द्यायचा, या प्रश्नावर ज्या दोन माणसांनी सगळ्यात खोलात जाऊन डोकं चालवलं, ती दोघंही आपल्याच जिल्ह्याची. शाळेत आपल्याला सांगितलं की अमुक गावी जन्मले, तमुक गाव त्यांचं मूळ गाव. त्यांनी नेमकं काय लिहिलं ते कुणी सांगितलं नाही. मलाही ते कळलं निवृत्तीनंतर.

पहिले गुहागर तालुक्यातल्या कोतळूकला १८६६ मध्ये जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले. तिशी ओलांडली नाही तोच १८९७ मध्ये वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला विलायतेला गेले. सरकारी खर्चाचा आणि केंद्र-प्रांतांच्या हिशेबाचा त्यांनी तिथे काढलेला ताळेबंद आमच्या लेखा शाखेच्या कुठल्याही माणसाने वाचण्याजोगा आहे. पुढे १९०२ च्या अर्थसंकल्पावरच्या भाषणात त्यांनी सरकारच्या शिल्लक रकमेचं कौतुक करायला नकार दिला. वर्षामागून वर्षं तिजोरीत शिल्लक पडते याचा अर्थ लोकांकडून गरजेपेक्षा जास्त ओढलं जातंय, हा त्यांचा मुद्दा. १९०८ मध्ये विकेंद्रीकरणावरच्या शाही आयोगापुढे ते बोलले तेव्हा त्यांनी खालपासून रचना मांडली : तळाला ग्रामपंचायत, मध्ये जिल्हा मंडळ, वर प्रांताचं विधिमंडळ. बाय, १९६२ च्या १ मेला आपल्याकडे जिल्हा परिषद उभी राहिली, १९९३ मध्ये त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली. पण तुझ्या खुर्चीचा कच्चा आराखडा कोतळूकच्या माणसाने त्याच्या कितीतरी आधी मांडून ठेवला होता.

दुसरे मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म महूचा, पण आडनाव या गावावरूनच आलं. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी डॉक्टरेटसाठी विषय घेतला तो ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेचा. तो प्रबंध १९२५ मध्ये लंडनला पुस्तक म्हणून निघाला. त्यांच्या नावाने वर्षातून दोनदा मिरवणुका निघतात आणि त्यांचा हा अभ्यास मला एकाही लेखाधिकाऱ्याच्या टेबलावर दिसला नाही. माझ्याही नव्हता, म्हणून हे रागाने लिहीत नाही.

त्यात काय आहे? १८७० च्या डिसेंबरात व्हाइसरॉय लॉर्ड मेयोने एक ठराव केला. तोवर मुंबई इलाख्याला बारीकसारीक खर्चासाठीही कलकत्त्याकडे तोंड वेंगाडावं लागे, आणि जो प्रांत जास्त आरडाओरडा करी त्याच्या पदरात जास्त पडे. मेयोने तुरुंग, पोलिस, शिक्षण, दवाखाने, रस्ते अशी खाती प्रांतांकडे सोपवली आणि त्यांच्यासाठी ठरावीक नेमणूक बांधून दिली. फक्त नेमणूक देताना पूर्वीच्या खर्चापेक्षा थोडी कापून दिली. उरलेलं तुमचं तुम्ही स्थानिक करांतून उभं करा. (काम खाली ढकलायचं आणि पैसा त्याहून थोडा कमी ढकलायचा, ही युक्ती नवी नाही, एवढं तुझ्या लक्षात यावं म्हणून सांगितलं.) १८७७ पासून नुसत्या नेमणुकीऐवजी काही करांचं उत्पन्न प्रांतांच्या नावे लावलं. १८८२ पासून मोठ्या करांतच केंद्र आणि प्रांत यांची भागी सुरू झाली. बाबासाहेबांनी हे तीन टप्पे आकड्यांनिशी उलगडले आणि शेवटी बोट ठेवलं ते असं : कर बसवण्याचा स्वतःचा अधिकार प्रांताला नाही, उत्पन्नावर कायद्याने त्याची मालकी नाही, मग याला प्रांतिक वित्त म्हणायचं ते नावापुरतं. पैसा खर्चायला प्रांताच्या हाती दिला तरी तो केंद्राचाच राहिला.

तुझा फोनवरचा प्रश्न हाच होता ना? "हे पैसे माझे की कुणाचे?" वित्त आयोगाच्या निधीपुरतं उत्तर द्यायचं तर ग्रामपंचायत अजून मेयोच्या पहिल्या टप्प्यात आहे. नेमणूक येते, कशावर खर्चायची ते लिहून येते आणि तुझ्या हाती उरतो तो डिजिटल सहीचा डोंगल.

यापेक्षाही जुनी भागीदारी आपल्या कोकणाला ठाऊक होती. खोत गावाकडून वसूल करी, ठरलेली रक्कम सरकारात भरी आणि मधला फरक आपला. कुळाला काय परवडतं याची पंचाईत ना सरकारला, ना खोताला. बाबासाहेबांनी १९३७ मध्ये मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. प्रत्यक्ष कायदा १९४९ चा. खोत गेले. मधला फरक ठेवून घ्यायची सवय मात्र सरकारांना लागली. हे वाक्य माझ्या जुन्या साहेबांना आवडणार नाही, तरी उदाहरण देतो म्हणजे पटेल.

घटनेप्रमाणे केंद्राच्या करांतला वाटा राज्यांना मिळतो. चौदाव्या आयोगाने तो ४२ टक्के केला, पंधराव्याने ४१. पण उपकर आणि अधिभार या वाटणीच्या बाहेर. आता डिझेल घे. २०२२ च्या मे महिन्यातल्या कपातीनंतर केंद्राचा लिटरमागे कर होता १५ रुपये ८० पैसे. त्यात राज्यांबरोबर वाटून घ्यायचा मूळ अबकारी कर किती? १ रुपया ८० पैसे. बाकीचे १४ रुपये वेगवेगळ्या उपकर-अधिभारांच्या नावाने दिल्लीतच. त्या १ रुपया ८० पैशांचे ४१ टक्के म्हणजे सुमारे ७४ पैसे सगळ्या राज्यांत वाटायचे, आणि त्यात तेव्हा महाराष्ट्राचा हिस्सा ६.३१७ टक्के. मी दोनदा बेरीज-वजाबाकी तपासली : देशात कुठेही विकल्या गेलेल्या डिझेलच्या एका लिटरमागे महाराष्ट्राच्या वाट्याला पाच पैशांहूनही कमी. राज्य आपला वेगळा कर वरून लावतंच, तेव्हा राज्याला उपाशी समजू नकोस. पण मिरकरवाड्याच्या धक्क्यावर ट्रॉलरमध्ये डिझेल भरताना जो पैसा जातो, त्यातला किती फिरून या किनाऱ्यावर येतो, याचा हा एक हिशेब.

आता राज्याकडे वळू, कारण केंद्राविरुद्ध तावातावाने बोलणारी राज्य सरकारं, कुठल्याही पक्षाची असोत, गावाशी तसंच वागतात. आपल्या सड्यावरच्या चिरेखाणी बघ. खाणीची रॉयल्टी तहसीलमधून राज्याच्या तिजोरीत जाते. चिऱ्यांनी भरलेला ट्रक ज्या रस्त्याने जातो तो रस्ता ग्रामपंचायतीचा, आणि पहिल्या पावसात त्याची चाळण झाली की शिव्या सरपंचाला. गौण खनिजाचा काही भाग फिरून खाली येतो, येत नाही असं नाही. पण किती आणि केव्हा, हे विचारायला गेलेल्या सरपंचाला चहा मिळतो. मुद्रांक शुल्कातल्या वाट्याचंही तसंच. राज्याने स्वतःचा वित्त आयोग दर पाच वर्षांनी नेमावा असं घटना सांगते. नेमतातही, पाचवा व्ही. गिरिराज यांचा होता. पण दिल्लीच्या आयोगाच्या अहवालाची जशी देशभर वाट पाहतात, तशी या अहवालाची वाट पाहताना मी कुणाला पाहिलं नाही.

शहराची कथा वेगळी वाटते पण एकच आहे. आपली रत्नागिरी नगरपालिका १८७६ ची. नाक्यावर जकात गोळा व्हायची; कटकट होती, भ्रष्टाचारही होता, पण तो नगरपालिकेचा रोकडा पैसा होता. १९९९ मध्ये नगरपालिकांची जकात गेली आणि बदल्यात राज्याचं अनुदान आलं. मुंबईची जकात २०१७ मध्ये जीएसटीबरोबर गेली, तेव्हा कायदा करून भरपाई बांधून घेतली गेली, दरवर्षी आठ टक्के वाढीसह. ज्याचा आवाज मोठा त्याचा करारनामा पक्का. लहान गावांनी विश्वासावर राहायचं.

इथे तुला एक सांभाळायला सांगतो. गणपतीत आलेले आपले चाकरमानी ओटीवर बसून म्हणतात, "महाराष्ट्र एवढा कर भरतो आणि सगळा यूपी-बिहारला जातो." आकडे खरे आहेत : पंधराव्या आयोगाच्या वाटणीत उत्तर प्रदेशाला जवळपास १८ टक्के, बिहारला १० टक्के, आपल्याला सव्वासहा. त्या सूत्रात सगळ्यात जास्त वजन, ४५ टक्के, गरिबीच्या अंतराला होतं. पण या तक्रारीत तू मान डोलवू नकोस. मुंबईने उद्या म्हटलं, "आमचा पैसा आमच्याकडे, कोकणातल्या साकवाशी आम्हाला काय," तर आपण काय उत्तर देणार? ज्याच्याकडे जास्त त्याने थोडं सोडायचं, या न्यायावरच आपला जिल्हा उभा आहे. कोकण रेल्वे आठव. एकट्या रत्नागिरीच्या कुवतीवर ती सात जन्मांत झाली नसती. केंद्राने ५१ टक्के, महाराष्ट्राने २२, कर्नाटकाने १५, गोवा आणि केरळने सहा-सहा टक्के भांडवल घातलं, बाकी रोखे काढले. तेव्हा अर्थमंत्री होते मधु दंडवते, राजापूरचे खासदार. वरचा पैसा खाली येतो तो उपकार नाही, वाटा आहे. माझं भांडण वाट्याशी नाही, त्याच्या दोऱ्यांशी आहे.

मग तुझ्याकडे बिनदोऱ्याचा पैसा कुठला? करआकारणीचा नमुना आठ उघड. घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य कर, पाणीपट्टी. एवढाच पैसा असा आहे की जो कुठे लावायचा ते ठरवायला गावाला वर कुणाला विचारावं लागत नाही. त्यातलेही पंधरा टक्के मागासवर्गीयांसाठी, दहा महिला-बालकल्याणासाठी, पाच दिव्यांगांसाठी राखायचे, आणि ते योग्यच आहे. उरलेल्यावर ग्रामसभा भांडू शकते. आणि भांडते, हे मी पाहिलंय. वित्त आयोगाच्या लाखाच्या कामावर ग्रामसभेत कुणी तोंड उघडत नाही, पण घरपट्टी पन्नास रुपयांनी वाढवा म्हटलं की अख्खी सभा विचारते, "गेल्या वर्षीचे कुठे गेले?" हा प्रश्न ज्या पैशाबद्दल विचारला जातो तो पैसा गावाचा.

मला माहीत आहे, तू म्हणशील, कौलारू घराची घरपट्टी ती केवढी, त्यात साकव व्हायचा कसा. बरोबर आहे. होणार नाही. जिल्हा नियोजनच्या निधीतून साकव मागावाच लागेल, अर्ज मी लिहून देतो. पण तुझ्या गावची मागणी किती, वसुली किती आणि थकबाकी किती, हे करमागणीचा नमुना नऊ पाहून मला सांग. निम्मी जरी थकलेली असेल तर अर्ज घेऊन जाताना तुझी मान खाली असते, आणि टेबलापलीकडच्या माणसाला ते कळतं. तो मी होतो, म्हणून सांगतो.

वसुली काढायला सरपंच का घाबरतात तेही ठाऊक आहे. मतं जातात. ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, तोंडात बसत नाही) बाहेरचा, त्याची बदली होते. सरपंचाला त्याच वाटेने देवळात जायचं असतं. पण आपल्याकडची थकबाकी बघ, ती गावात राहणाऱ्यांची थोडी आणि कुलूपबंद घरांची फार. म्हातारी काजू विकून पट्टी भरते आणि डोंबिवलीतला मुलगा "सामाईक घर आहे, भाऊ भरेल" म्हणून तीन वर्षं टाळतो. तोच गणपतीत रस्त्याच्या खड्ड्यावर सगळ्यात जास्त बोलतो.

म्हणून पुढच्या वर्षी चतुर्थीच्या आदल्या दिवसापासून देवळाच्या सभामंडपात टेबल मांड. शिपाई, पावतीपुस्तक, मोबाइलवरून भरायचा क्यूआर कोड. शेजारी एक फळा, त्यावर साकवाचा अंदाज, किती मिळाले, किती कमी. नावं लिहू नकोस, आरतीच्या आधी भांडणं नकोत. जत्रेच्या वर्गणीला हजार रुपये देणारा माणूस फळ्यासमोर उभा राहिला की काय करतो, बघू.

एवढं लिहून झाल्यावर कालच तुमच्या कार्यालयात फोन केला होता. तू तालुक्याला गेली होतीस. शिपायाला म्हटलं, बंद घरांची थकबाकी वाचून दाखव. त्याने वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच नावाला अडखळला. मी म्हटलं, वाच रे. आपलंच घर. तुझे आजोबा गेले, घर चौघा भावांच्या नावावर लागलं. दोघे मुंबईत, तुझे बाबा खालच्या वाडीत वेगळे राहतात, आणि चौथा इथे रत्नागिरीत मारुती मंदिराजवळ तिसऱ्या मजल्यावर बसून तुला पत्र लिहितोय. चार वर्षं पाच महिने.

रविवारी सकाळच्या एसटीने येतो. पावतीपुस्तक घरी आणून ठेव.

तुझा,
काका